चार आर्मेनियन नातवांची गाणी

आज आपण गाण्यांच्या एका संचाचा इतिहास ऐकणार आहोत. अशा संचाला अल्बम म्हणतात हे आता घरातल्या पोरांमुळे आपल्याला ठाऊक झालंय. हा अल्बम ४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत निघाला. नाव ‘टॉक्सिसिटी’, म्हणजे विषारीपणा. गाणारे-वाजवणारे चौघं, लॉस एंजेलिस शहरात राहणारे. त्यांच्या बँडचं नाव ‘सिस्टम ऑफ अ डाउन’. चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून पाऊण तासात उरकतात.

आता तुम्ही म्हणाल, ओव्या, भजनं, भारुडं सोडून या बायांना हे कुठलं खूळ लागलं? त्याचं झालं असं. आमच्या केंद्रावर काम करणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांची माहिती काढायला घेतली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून माणसं पलटणीत गेली, त्यांतली बरीच इराकच्या वाळवंटात पोचली. ती वाचता वाचता आर्मेनियन नावाच्या लोकांपाशी आली आणि म्हणाली, “काकू, मी ज्यांची गाणी ऐकते ना, ते याच लोकांचे नातू आहेत.” मग आम्ही म्हटलं, लाव तर खरं.

आम्ही आठ-नऊ जणी होतो, विशीपासून सत्तरीपर्यंतच्या. पहिलं गाणं सुरू झालं. गिटारचा एक दणका, मग शांतता, पुन्हा दणका, मधे कुणीतरी कुजबुजतंय, आणि मग एकदम सगळं अंगावर आलं. कुणी म्हणालं मिक्सरमध्ये सुपारी पडली. कुणी म्हणालं, हे तर अंगात आल्यावानी चाललंय. एकजण दूध घालायचं निमित्त सांगून उठून गेली ती परत आलीच नाही, आणि आम्ही तिला दोष देत नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत कान बधिर झाले होते. पण आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. त्या म्हणाल्या, “ह्यो वरडत न्हाय गं. ह्यो रडतोय. मधीच रागं भरतोय, पुन्ना रडतोय.”

आजींच्या त्या बोलण्यावर आम्ही थांबलो. पोरीला म्हटलं, आता एकेक गाणं लाव, आधी अर्थ सांग आणि मग ऐकव.

तर आधी हा बाज कुठून आला ते सांगतो. या संगीताला ‘मेटल’ म्हणतात, मेटल म्हणजे धातू. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा एक मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका हाच हात. मळणी यंत्रात, उसाच्या चरकात बोटं गेलेली माणसं आपल्यातही आहेत, त्यामुळे हे काय असतं ते वेगळं सांगायला नको. या मुलाने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घातल्या, पुढे त्या सैल लावायला लागला. सूर खाली उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला आणि तिथून मेटलचा प्रवाह निघाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काही पोरांनी या जड आवाजात भलभलत्या गोष्टी मिसळल्या, नाचाचा ठेका, लोकगीतांच्या चाली, बोलल्यासारखं गाणं. त्याला ‘अल्टरनेटिव्ह मेटल’ असं नाव पडलं. नावाचं एवढं काही नाही. आपल्याकडे गोंधळी जसा एका दमात गातो, पुढच्या दमात गोष्ट सांगतो, मधेच नक्कल करतो, तसं या बँडचा गायक करतो हे लक्षात ठेवलं की ऐकायला सोपं जातं. गायकाचं नाव सर्ज टॅन्कियन. त्याचा आवाज एका ओळीत देवळातल्यासारखा आणि पुढच्या ओळीत बाजारातल्या भांडणासारखा.

पहिलं गाणं तुरुंगावरचं निघालं. अमेरिकेत त्या काळी वीस लाखांच्या घरात माणसं तुरुंगात होती, त्यांतली कितीतरी जवळ थोडीशी नशेची वस्तू सापडली म्हणून. गाण्यात गायक मधेच आकडे वाचून दाखवतो, ग्रामसभेत कुणी कागद हातात धरून सरपंचाला जाब विचारावा तसा. आकडे वाचून गाणं होतं हे आम्हाला नवीन होतं. पुढे एक गाणं मोर्च्यातल्या माणसांवर पोलीस सोडण्याबद्दल आहे. काही गाणी अगदीच वात्रट आहेत, त्यांचा अर्थ पोरीने सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

सहाव्या गाण्यापाशी मात्र आम्ही बराच वेळ बसलो. त्याचं नाव ‘चॉप सुई’. हे एका चिनी पदार्थाचं नाव आहे आणि गाण्यात त्याचा काही संबंध नाही. आधी या गाण्याचं नाव ‘आत्महत्या’ असं होतं. वाद नको म्हणून ते बदललं असं सांगतात. गाणं सुरू होतं ते झोपेतून उठण्याच्या घाईने. तोंडाला रंग लावायचा, व्रण झाकायचे, असं धावतपळत चाललेलं. मग एकाएकी सगळं संथ होतं आणि येशू ख्रिस्ताने क्रुसावर शेवटी देवाला मारलेल्या हाकेचे शब्द येतात. आजी ज्याला रडणं म्हणाल्या होत्या ते हेच असणार असं आम्हाला वाटलं.

हे गाणं लिहिण्यात मोठा वाटा असलेला गिटारवादक डॅरन मलाकियन याने त्याचा अर्थ सांगितला आहे. माणूस कसा मेला यावरून लोक त्याच्या मरणाची किंमत ठरवतात, असं त्याचं म्हणणं. नशा करून मेला तर म्हणणार, त्याच लायकीचा होता. म्हणजे माणूस गेल्यावरही लोक त्याच्यावर निकाल देतात.

हा अर्थ पोरीने सांगितला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. आमच्या गटात मराठवाड्यातून आलेली एक सून आहे. तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने काही वर्षांपूर्वी जीव दिला. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात घरच्यांना एक लाख रुपयांची मदत आहे, पण आधी चौकशी होते आणि फायलीवर शेरा पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, जमिनीचा कागद हवा. त्या घरी जमीन सासऱ्यांच्या नावावर होती आणि कर्ज हातउसनं. शेरा पडला, अपात्र. ती म्हणाली, “बहिणीला पैशापेक्षा तो शब्दच लागला. मेलेला माणूस अपात्र कसा असतो?”

लॉस एंजेलिसच्या त्या पोराला आपली फाईल माहीत असायचं कारण नाही, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण गाणं दुसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याचा आवाज कुणाला मोठा वाटला नाही, हे मात्र खरं. (आणि हे ऐकताना कुणाच्या मनात नको ते विचार येत असतील, तर एकटीने बसू नका. आशाताईंना गाठा, नाहीतर १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात.)

आता या गाण्याचं पुढे काय झालं ते ऐका, कारण त्यात रेडिओ आहे. अल्बम निघायच्या आदल्या दिवशी, ३ सप्टेंबरला, बँडने हॉलीवूडमध्ये एका मोकळ्या जागेत फुकट कार्यक्रम ठेवला होता. साडेतीन हजार माणसं येतील असा अंदाज होता, आली त्याच्या दुपटीहून जास्त. पोलिसांनी कार्यक्रमच रद्द केला, गर्दी बिथरली आणि वाद्यांची मोडतोड झाली. पुढच्या आठवड्यात, ११ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारतींवर विमानं आदळली. त्याच सुमाराला हा अल्बम अमेरिकेत विक्रीत पहिल्या नंबरवर पोचला, आणि त्याच सुमाराला तो रेडिओवरून गायबही व्हायला लागला. क्लिअर चॅनल नावाची एक कंपनी होती, तिच्या मालकीची हजाराहून जास्त रेडिओ केंद्रं. या केंद्रांमध्ये दीडशेहून जास्त गाण्यांची एक यादी फिरली, सध्याच्या दिवसांत ही गाणी लावताना विचार करा म्हणून. बंदी नव्हती, सूचना होती. पण वरून आलेल्या सूचनेचा खाली काय अर्थ होतो ते आपण जाणतोच. यादीत ‘चॉप सुई’ होतं. गंमत म्हणजे जॉन लेनन यांचं शांततेचं गाणं, ‘इमॅजिन’, तेही त्याच यादीत होतं.

गायक सर्जने तर १३ सप्टेंबरला एक लेख लिहिला. हे का घडलं, अमेरिकेने तेलासाठी त्या भागात काय काय केलं, याचा विचार करा असं त्यात होतं. लोकांचा राग पेटलेला, जखम ओली. त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि कंपनीने लेख काढून टाकला. दोनच दिवसांनी हे लिहायला हवं होतं का, यावर आमच्यात एकमत झालं नाही. ज्याच्या घरी मयत आहे त्याच्या दारात उभं राहून कारणं सांगायची नसतात, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं. पण ते न सांगितल्यामुळे पुढे किती घरांत मयतं झाली तेही मोजा, असं बाकीच्यांचं.

आमचं केंद्र जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरवर ऐकू जातं. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. तेव्हा काय लावावं आणि काय गाळावं हा प्रश्न आमच्याही टेबलावर रोज असतो. हजार केंद्रांसाठी एकच यादी करणाऱ्याला ऐकणारी बाई दिसत नाही, एवढंच आम्ही आमच्या अनुभवावरून म्हणू.

आता येतो मूळ गोष्टीकडे. हे चौघं कोण?

सर्ज टॅन्कियन १९६७ साली लेबनॉनमध्ये बैरूत शहरात जन्मला. तिथे यादवी युद्ध पेटलं तेव्हा, १९७५ साली, आईबाप त्याला घेऊन अमेरिकेला आले. ढोल वाजवणारा जॉन डोलमायन, तोही बैरूतचाच. शावो ओडाजियनचा जन्म आर्मेनियात, येरेवानमध्ये. डॅरन अमेरिकेत जन्मला, पण त्याचे वडील इराकमधले. चौघांच्या जन्माच्या कहाण्या तीन देशांत, आणि भाषा एकच, आर्मेनियन. चौघांतले तिघं लॉस एंजेलिसमध्ये एकाच आर्मेनियन शाळेत शिकले, फक्त वेगवेगळ्या वर्षी. ही माणसं अशी जगभर विखुरली, त्याचं कारण १९१५ साल.

आर्मेनियन लोक म्हणजे तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात हजारो वर्षं शेती, विणकाम, व्यापार करणारा ख्रिस्ती समाज. त्यांच्यावर राज्य होतं ऑटोमन तुर्कांचं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने ठरवलं की हे लोक शत्रूला, रशियाला सामील आहेत. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीतून अडीचशेच्या आसपास आर्मेनियन लेखक, शिक्षक, डॉक्टर, पुढारी उचलले. त्यानंतर गावंच्या गावं रिकामी करायचे हुकूम निघाले. ठिकठिकाणी पुरुषांना आधी बाजूला काढून मारलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना पायी सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं. वाटेत भूक, ताप, लूट, बलात्कार. नदीत उड्या घेतलेल्या बायकांच्या हकिकती आहेत. किती मेले याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जगातले बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात. तुर्कस्तानचं सरकार आजही हा शब्द मानत नाही. युद्धात दोन्हीकडची माणसं मेली, असं ते म्हणतं. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हा शब्द स्वीकारला तो २०१९ साली, आणि राष्ट्राध्यक्षांनी २०२१ साली. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ त्या लोकांच्या मरणाची फाईल टेबलांवर फिरत होती.

सर्जचे आजोबा स्तेपान हायतायान लहानपणी या सगळ्यातून वाचले. २००६ सालच्या ‘स्क्रीमर्स’ या माहितीपटात ते आपल्या नातवासोबत दिसतात. माहितीपटाच्या नावाचा अर्थ ‘किंचाळणारे’. आम्हाला ते नाव कळायला पुन्हा आजींचंच वाक्य उपयोगी पडलं.

आता आपल्याकडच्या शिपायांकडे येऊ. इंग्रजांनी इराकमध्ये पाठवलेल्या फौजेत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे हरून मागे आलेली ही फौज टायग्रिस नदीकाठच्या कूत या गावात डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात अडकली. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपलं. घोडे मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांतले कित्येक ते मांस खायला सुरुवातीला तयार झाले नाहीत आणि आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. कैद्यांना तुर्कांनी उन्हातान्हातून शेकडो मैल चालवत नेलं, वाटेत किती पडले ते तिथेच राहिले. उरलेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन या ठिकाणी बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं.

हेच रास-अल-ऐन आर्मेनियन लोकांच्या हद्दपारीच्या वाटेवरची मोठी छावणी होतं. १९१६ च्या त्याच उन्हाळ्याच्या आगेमागे तिथून हजारो आर्मेनियन बाहेर काढून मारले गेले. आपले उपाशी कैदी आणि त्या उपाशी बायका-मुलं, दोघं एकाच वाळवंटात होते. शिशिर सर्वाधिकारी नावाचे एक बंगाली तरुण रुग्णसेवक या कैद्यांमध्ये होते. त्यांनी लपवूनछपवून टिपणं ठेवली आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी ‘अभी ले बगदाद’ या बंगाली पुस्तकातून सगळं सांगितलं. त्यात आर्मेनियन लोकांचे हालही आहेत. आपल्या मराठा शिपायांनी तिथे जे पाहिलं ते घरी येऊन सांगितलं असेल की नुसतं गिळलं असेल?

जे तिथेच मेले त्यांचं काय झालं तेही ऐका. बसऱ्याजवळ इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं. अधिकाऱ्यांची नावं त्यावर कोरली. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव लिहून पुढे नुसता आकडा घातला, इतके मेले म्हणून.

आर्मेनियन बायकांची एक गोष्ट सांगायची राहिली. हाकललेल्या बायका-मुलींपैकी बऱ्याच जणी वाटेतल्या मुसलमान घरांत राहिल्या. कुणी दया म्हणून ठेवून घेतलं, कुणी ओढून नेलं. त्यांची नावं बदलली, धर्म बदलला, लग्नं झाली. फेतिये चेतिन या तुर्की वकीलबाईंनी २००४ साली आपल्या आजीवर एक पुस्तक लिहिलं. ज्या आजीला त्या सेहेर म्हणून ओळखत होत्या, तिचं खरं नाव हेरानुश होतं आणि ती आर्मेनियन होती. मिरवणुकीसारख्या चाललेल्या त्या मरणाच्या वाटेवर एका शिपाई हवालदाराने तिला आईपासून काढून घेऊन आपल्या घरी वाढवलं होतं. आजीने हे नातीला सांगितलं ते म्हातारपणी. लग्नात तांदळात नवं नाव लिहून घेतलेल्या आपण बायका. आपलं बदललेलं नाव निदान जवळ असलेल्या माहेरात तरी जुनंच राहतं. हेरानुशला तेही नव्हतं. या पुस्तकानंतर तुर्कस्तानात कितीतरी जणांनी आपापल्या आज्यांबद्दल बोलायला सुरुवात केली.

‘टॉक्सिसिटी’त या संहारावर थेट एकही गाणं नाही, हे सांगायला हवं. त्यांच्या आधीच्या, १९९८ च्या अल्बमचं शेवटचं गाणं त्यावर आहे. मग आम्ही हाच अल्बम का निवडला? त्याच्या शेवटामुळे. चौदावं गाणं ‘एरियल्स’ संपतं, आपल्याला वाटतं झालं, आणि त्याच्या मागून यादीत नसलेला एक तुकडा सुरू होतो. गिटारचा दणका नाही, ओरडणं नाही. हाताने वाजवलेला ताल आणि संथ, उदास सूर. आर्मेनियन चर्चमधल्या एका जुन्या प्रार्थनेवर तो बांधलेला आहे, देवाकडे दया मागणारी प्रार्थना. तो सादर करायला बँडने आर्तो तुंचबोयाजियान यांना बोलावलं होतं. ते तुर्कस्तानात जन्मलेले आर्मेनियन वादक. लाखो अमेरिकन पोरांनी हा अल्बम विकत घेतला तो दणक्यासाठी, आणि त्यांच्या घरात त्या दणक्यामागून ही प्रार्थना शिरली. आम्हाला ही युक्ती फार आवडली.

आर्मेनियन गाणी आज माहीत आहेत त्यामागे एका माणसाचे कष्ट आहेत. कोमितास नावाचे एक धर्मगुरू होते, १८६९ साली जन्मलेले. ते गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची, बायकांची गाणी उतरवून घेत. नांगरताना म्हणायची, लग्नातली, पाळण्याची. कुणी पाहुणा गाणं लिहून घ्यायला बसला की बायका गायच्या थांबत, म्हणून हे आडून ऐकत, असं सांगतात. हजारो गाणी त्यांनी जमवली. २४ एप्रिल १९१५ ला उचललेल्यांमध्ये तेही होते. मोठ्या लोकांच्या रदबदलीने जीव वाचला, पण मन कायमचं मोडलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं मनोरुग्णालयात काढून ते १९३५ साली पॅरिसजवळ वारले. त्यांच्या जमवलेल्या कागदांपैकी पुष्कळ नाहीसे झाले.

हे ऐकताना आम्हाला हेमा राईरकर आणि गी पोइटव्हां या दोघांची आठवण झाली. त्यांनी पुण्यात राहून, महाराष्ट्रातली गावं पालथी घालून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या ओव्या निदान युद्धात जळाल्या नाहीत. जातं गेलं, पिठाची गिरणी आली आणि त्या आपोआप विसरायला लागल्या.

शेवटचं सांगतो. २३ एप्रिल २०१५ रोजी, संहाराला शंभर वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री, हा बँड पहिल्यांदाच आर्मेनियात गायला. येरेवानच्या मोठ्या चौकात, फुकट. पाऊस पडत होता आणि लोक हलले नाहीत. आम्ही त्याचं चित्रीकरण फोनवर पाहिलं. पुढे उभ्या असलेल्या पोरीबाळी गाणी तोंडपाठ म्हणत होत्या.

आता तुमच्याकडे काम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या घरी इंग्रज सरकारने एक गोल तबकडी पाठवली होती, काशाच्या रंगाची, साधारण अर्ध्या वितीएवढी, तिच्यावर हातात हार धरलेली बाई आणि सिंह आहे आणि शिपायाचं नाव उठाव अक्षरांत आहे. देवघरात, फडताळात, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर शोधा. मोडीत घातली असेल तर तेही सांगा. ‘बसरा’, ‘कूत’, ‘बगदाद’ असे शब्द असलेली एखादी ओवी, एखादं रडगाणं घरातल्या म्हातारीच्या तोंडात असेल तर आम्हाला कळवा. आम्ही माईक घेऊन दारात येऊ. सध्या सुगी आहे, म्हणून संध्याकाळी पाचनंतर निरोप द्या.